शेजारच्या घरात कथा अकरा महिने पुढे असेल, तर मालिका कशी पाहावी?

शहापूरची प्रेक्षक, बेळगाव

हा प्रश्न आमच्या भागातल्या माणसांनाच नीट उमजेल असे वाटल्यामुळे तो येथे जरा सविस्तर मांडते. मी आणि माझी आई 'लक्ष्मी निवास' ही झी मराठीवरील मालिका पहिल्या भागापासून, म्हणजे २३ डिसेंबर २०२४ पासून, नेमाने पाहत आलो आहोत. आमच्या घराला लागून ज्यांचे घर आहे त्या अक्का मूळच्या गोकाकच्या. त्या झी कन्नडवर याच नावाची मूळ मालिका पाहतात, आणि ती १६ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. मराठी मालिका त्या कन्नड मालिकेवरूनच केलेली असल्यामुळे अक्कांच्या घरातली लक्ष्मी आमच्या घरातल्या लक्ष्मीपेक्षा अकरा महिन्यांनी पुढे चालते. आमच्या दोन्ही घरांमधली भिंत पातळ आहे आणि दोन्ही घरांतल्या बायकांचे एकमेकींवाचून चालत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुढची अडचण लक्षात येईल.

जान्हवीच्या लग्नाचे भाग सुरू होते तेव्हाची गोष्ट. अक्का शेंगाच्या पोळ्या घेऊन आल्या होत्या. पडद्यावर जान्हवी आणि जयंत शेजारी शेजारी बसले होते आणि आई अगदी मनापासून म्हणाली की लक्ष्मीने कोणते पुण्य केले म्हणून तिला असा सोन्यासारखा जावई मिळाला. अक्कांनी पडद्याकडे पाहिले, जान्हवीकडे पाहिले आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, "पाप!" आमच्याकडे वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मराठीत त्याचा अर्थ काहीही असो, कन्नड बोलणारी बाई एखाद्या मुलीकडे पाहून 'पाप' म्हणते तेव्हा ती 'बिचारी ग' म्हणत असते. आईने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. अक्कांनी लगेच जीभ चावली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

त्या संध्याकाळपासून आई जयंतकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली. जयंत घरातल्या कॅमेऱ्यांतून जान्हवीवर नजर ठेवतो हे उघड झाले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि रात्री झोप लागेपर्यंत तीच दृश्ये डोळ्यांसमोर राहिली. आई मात्र शांत होती. "मला कधीचेच ठाऊक होते," एवढेच ती म्हणाली. मला तिच्यासाठी फार वाईट वाटले, कारण तिच्या वाट्याचा तो धक्का कोणीतरी आधीच काढून घेतला होता. त्याच वेळी दुसरेही एक लक्षात आले. मेघन जाधव यांनी जयंतच्या भूमिकेत पहिल्यापासून ज्या बारीकसारीक जागा पेरून ठेवल्या होत्या, त्या मला दिसल्या नव्हत्या आणि आईला दिसल्या होत्या. जान्हवी दुसऱ्या कोणाशी हसून बोलली की जयंतच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहते आणि डोळे मात्र थिजतात, हे तिने मला कितीतरी आधी दाखवले होते आणि मी "तुझे आपले काहीतरीच" म्हणून ते सोडून दिले होते.

भावनाच्या कथेचेही तसेच झाले. अक्षया देवधर यांची भावना, म्हणजे लक्ष्मीची दुसरी मुलगी, मला या मालिकेत सर्वांत जवळची वाटते. लग्नाचे वय उलटून गेले म्हणून लोकांचे बोलणे ऐकून घेणारी, लग्न ठरलेल्या श्रीकांतच्या मृत्यूनंतरही त्याच्या लहान मुलीला पोटाशी धरणारी, आणि मग आपल्या गळ्यात मंगळसूत्र कोणी बांधले हेच ठाऊक नसलेली ही बाई ज्या संयमाने उभी राहते, तो पाहताना मी पुष्कळदा रडले आहे. त्या भागांच्या दिवसांत अक्का आमच्याकडे यायच्याच बंद झाल्या. चुकून तोंडून काही निघेल म्हणून त्या येत नाहीत हे समजल्यावर मला अधिकच अपराधी वाटले.

खरे तर हे सगळे एकदा उलट बाजूनेही घडून गेले आहे. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिच्यावरूनच झी कन्नडवर 'जोडी हक्की' आली. तेव्हा कथा आमच्या घरात पुढे होती. राणादा आणि पाठकबाईंचे पुढे काय झाले ते मला माहीत होते, आणि अक्का त्यांच्या रामण्णा पैलवानासाठी आणि जानकी टीचरसाठी कासावीस होऊन भिंतीपलीकडून विचारत असत, "मुंदेन आगतैती?" पुढे काय होते ते मी त्यांना आनंदाने सांगत असे. मी तेव्हा त्यांचे काय हिरावून घेत होते, याचा विचार एकदाही केला नाही.

तर माझा प्रश्न असा आहे. अक्कांना स्पष्ट सांगावे का, की आमचा भाग होईपर्यंत काही बोलू नका? की कथा आधी कळली तरी काही बिघडत नाही? जे दोन्ही भाषांतल्या मालिका पाहतात त्यांना मराठी भाग पाहताना अजून काही नवे वाटते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

निपाणीचा जुना श्रोता

ताई, आपला प्रश्न वाचून मला आमच्या गल्लीतील २०१८ साल आठवले. 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' ही मालिका त्या वर्षी कलर्स मराठीवर सुरू झाली. संत बाळूमामांचा जन्म अक्कोळचा, आणि अक्कोळ आमच्या निपाणीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. अमावस्येला आदमापूरला जायचे आणि येताना भंडारा कपाळी लावून घेऊन यायचे, ही घराघरातली रीत. चंदुलाल शेठजींच्या घरी चाकरीला राहिलेला बाळू, मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडणारे मामा, त्यांचे फटकळ बोलणे आणि त्यामागची माया, यांतले काहीच आम्हाला नवे नव्हते. तरीही आमच्या समोरच्या घरी सात-आठ म्हातारी माणसे रोज ती मालिका पाहायला जमत असत. पुढे काय होणार याची त्यांना उत्सुकता नव्हती. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट हे लोक कशी सांगतात, मामांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा येतो की नाही, त्यांच्या बोलण्यातला कन्नड हेल धरला आहे की नाही, हे पाहायला ती जमत. एखादा प्रसंग मनासारखा उतरला की कोणीतरी हळूच "चांगभलं" म्हणे, आणि एखादा प्रसंग पाणी घालून वाढवला आहे असे वाटले की तीच माणसे नाराज होऊन घरी जात.

कथा कन्नडकडून मराठीकडे येणे हेही आपल्याकडे नवे नाही. १८४२ मध्ये कर्नाटकातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि ते पाहून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीता स्वयंवराचा खेळ रंगभूमीवर आणला. राम धनुष्य उचलणार की नाही, ही शंका त्या दिवशी समोर बसलेल्या एकाही माणसाच्या मनात नसणार.

तरीसुद्धा आपल्या आईंच्या बाबतीत काहीच बिघडले नाही, असे मी म्हणणार नाही. बाळूमामांची कथा माहीत असणे आणि जयंतची कथा माहीत असणे, यांत फरक आहे. पहिली कथा आम्ही सगळ्यांनी मिळून आधीपासून सांभाळलेली आहे. दुसरी कथा लेखकाने मुद्दाम झाकून ठेवलेली आहे, आणि प्रेक्षकाने जान्हवीइतकेच फसावे ही त्याची अपेक्षा आहे. जयंत आधी आवडलाच नाही, तर जान्हवी त्याच्यावर का भाळली हे आतून समजत नाही, आणि मग तिच्या आईवडिलांना दोष देणे फार सोपे होऊन बसते. आपल्या आई श्रीनिवासरावांवर चिडल्या होत्या का? आमच्या घरी ज्यांना कथा आधी कळली होती ते सगळे लग्नाच्या वेळीच तुषार दळवींच्या त्या साध्या, भाबड्या बापावर चिडले होते. ज्यांना कळली नव्हती त्यांना मात्र नंतर त्याची कीव आली.

म्हणून मला वाटते की अक्कांना सांगावे, पण एवढेच सांगावे की जे झाकलेले आहे ते झाकलेले राहू द्या. बाकीचे बोलायला हरकत नसावी.

अनगोळचा केबलवाला

मी बरीच वर्षे केबलच्या व्यवसायात आहे, त्यामुळे कोणाच्या घरी कोणती वाहिनी लागते हे मला रोज पाहायला मिळते. आपल्या भागात एकाच घरात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मालिका पाहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि २०१९ मध्ये वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत आल्यानंतर मी जे अर्ज भरून घेतले त्यांत सासूसाठी एका भाषेच्या आणि सुनेसाठी दुसऱ्या भाषेच्या वाहिन्या मागणारी घरेही होती.

कथा अशी इकडून तिकडे का जाते, तेही सांगतो. एकाच समूहाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या वाहिन्या असतात, त्यामुळे एका भाषेत चाललेली कथा दुसऱ्या भाषेत नव्या कलाकारांसह पुन्हा उभी करणे त्यांना सोयीचे पडते. हिंदीतली मालिका मराठीत डब करून दाखवली तर ती परकीच वाटते, पण नव्याने केलेली मालिका लोक आपली मानतात. कन्नडमध्ये तर डबिंगला तिथल्या चित्रपटसृष्टीचा अनेक दशके विरोध होता. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ती बंदी चुकीची ठरवली आणि २०२० च्या टाळेबंदीत नवे चित्रीकरण थांबल्यावर डब केलेल्या मालिका कन्नड वाहिन्यांवर मोठ्या संख्येने दिसू लागल्या. तोपर्यंत दुसऱ्या भाषेतली कथा कन्नडात आणायची तर ती नव्याने करणे हाच रस्ता होता. 'अग्गंबाई सासूबाई' २०१९ ची, आणि तिच्यावरून केलेली कन्नड 'श्रीरस्तु शुभमस्तु' २०२२ ची. निवेदिता सराफ यांची आसावरी ज्यांनी पाहिली होती, त्यांना सुधाराणींची तुळसी पुढे काय सोसणार आहे ते तीन वर्षे आधीच माहीत होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाशी जोडलेली एक गोष्ट, जी मला स्वतःला फार लागते. मालिकेची कथा लांबवायची, वळवायची की गुंडाळायची, हे पुष्कळ अंशी बार्कच्या, म्हणजे कोणती वाहिनी किती पाहिली जाते ते मोजणाऱ्या संस्थेच्या, आकड्यांवर ठरते. ते आकडे दर गुरुवारी येतात. मराठी वाहिन्यांचे जे साप्ताहिक आकडे जाहीर होतात, ते महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेचे असतात. आपण कर्नाटकात मोडतो. याचा अर्थ असा की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली घरे रोज रात्री मराठी मालिका पाहतात, त्यातल्या माणसांसाठी रडतात, भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतात, आणि त्यांतले एकही घर ज्या आकड्यावर त्या मालिकेचे भवितव्य ठरते त्या आकड्यात धरले जात नाही. ताईंच्या आईला भावनाची कथा अधिक पाहायची आहे आणि जयंतची कमी, असे समजा. तिची ती आवड सांगलीतल्या बाईच्या आवडीइतकीच खरी आहे, पण ती मोजली जात नाही. मी हे ग्राहकांना सांगतो तेव्हा पुष्कळांना ते पटत नाही. "आम्ही पैसे भरतो की," असे ते म्हणतात. पैसे भरतात हे खरेच आहे.

तेव्हा कथा आधी कळण्याबद्दल माझे मत असे की आपल्या हाती जी थोडीफार सत्ता आहे ती पाहण्याच्या पद्धतीवरच आहे. आधी कळले तर कळू द्यावे, नको असेल तर सांगून टाकावे. अक्का रागावणार नाहीत.

खानापूरची सासुरवाशीण

माझे माहेर बैलहोंगलचे, कन्नड, आणि सासर खानापूरचे, मराठी. मी दोन्ही 'लक्ष्मी निवास' पाहते, त्यामुळे ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते. पुढचे काहीही उघड करणार नाही, जे दोन्हीकडे दाखवून झाले आहे तेवढ्यावरच लिहिते.

कथा तीच असली तरी पाहताना ती तीच वाटत नाही, आणि याचे सर्वांत मोठे कारण भाषा आहे. कन्नड मालिकेत जयंत आपल्या बायकोला लाडाने 'चिन्नुमरी' म्हणतो. चिन्न म्हणजे सोने आणि मरी म्हणजे पिल्लू. दीपक सुब्रमण्य हा शब्द इतक्या मऊ आवाजात उच्चारतात की सुरुवातीला माझ्या नणंदेनेही तो उचलला होता आणि आपल्या मुलीला ती त्याच नावाने हाक मारू लागली होती. पुढे जयंतचे खरे रूप दिसल्यावर तोच शब्द ऐकून छातीत धस्स होऊ लागले. पिल्लू म्हटले की ते पाळलेले असते, त्याला दावे असते, हे त्या एका शब्दात आधीपासून दडलेले होते. हा शब्द मराठीत आणताच येणार नाही. मराठी कानाला 'मरी' म्हटले की पटकी आणि मरीआई आठवते. त्यामुळे मराठी जयंताला ते भय शब्दातून मिळवता आले नाही, त्याला ते चेहऱ्यातून आणि थांबण्यातून मिळवावे लागले. ताईंच्या आईला ज्या बारीक जागा दिसल्या, त्या म्हणूनच मराठीत अधिक आहेत असे माझे मत आहे. मी दोन्ही जयंत पाहिले आहेत आणि मला मराठी जयंताची अधिक भीती वाटते.

भावनाच्या बाबतीत मात्र मी कन्नडकडे झुकते. दिशा मदन यांच्या भावनात एक हट्ट आहे, ती सोसते पण मनातून वाकत नाही. अक्षया देवधर यांची भावना अधिक हळवी आहे. ताईंना ती जवळची वाटते यात अक्षया देवधर यांनीच साकारलेल्या पाठकबाईंचाही थोडा वाटा असावा, कारण त्या पाठकबाई कोल्हापूरकडच्या कथेतल्या होत्या, वसगड्यातल्या त्या वाड्यात वावरणाऱ्या होत्या, आणि कोल्हापूर आम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे.

भावनावर जीव असलेल्या सिद्धूच्या घराबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कन्नडमध्ये तो सिद्धेगौडा आहे, मराठीत सिद्धीराज गाडेपाटील. गौडा काय आणि पाटील काय, मूळ काम गावच्या कारभाऱ्याचेच, म्हणून हा बदल लेखकाने चांगला साधला आहे. परंतु माझ्या माहेरी कन्नड बोलणारे पाटील गल्लोगल्ली आहेत. आमच्या भागातल्या प्रेक्षकाला सिद्धू कन्नडमध्येही पाटील असता तरी चालले असते, आणि मराठीत गौडा असता तरी तो समजला असता. ही मालिका करणाऱ्यांनी बंगळूर आणि मुंबई अशी दोनच टोके डोळ्यांसमोर धरली आहेत, मधला आमचा मुलूख त्यांना दिसलेला नाही.

आणि म्हणूनच ताईंनी अक्कांनाही एकदा विचारावे, की कन्नड मालिका पाहताना त्यांना सगळे आपले वाटते का. माझ्या आईला वाटत नाही. ती 'आगतैती' म्हणते आणि पडद्यावरची लक्ष्मी 'आगुत्ते' म्हणते. म्हैसूर-बंगळूरकडची ती स्वच्छ कन्नड ऐकताना माझी आई अधूनमधून मला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारते. आपली 'येऊलालो, जाऊलालो' अशी मराठी जशी कुठल्या मराठी मालिकेत ऐकू येत नाही, तशीच तिची धारवाडी वळणाची कन्नडही तिच्या मालिकांत क्वचितच येते. 'तुझ्यात जीव रंगला' लागली तेव्हा माझ्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या की ही माणसे आपल्यासारखी बोलतात. ते बोलणे कोल्हापूरचे होते, आमचे नव्हते, तरी त्यांना इतके पुरले.

निपाणीच्या सरांनी झाकलेल्या आणि सांभाळलेल्या कथेतला फरक सांगितला, तो मला पटला. मी स्वतः कन्नड भाग आधी पाहिलेले असल्यामुळे मराठी पाहताना माझे लक्ष कथेवर राहतच नाही. हर्षदा खानविलकर लक्ष्मीचे एखादे वाक्य कुठे थांबवतात, स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असताना त्यांचे खांदे काय सांगतात, याकडे राहते. स्वतःच्या घराचे स्वप्न पाहणारी ती बाई मुलांच्या पायी एकेक गोष्ट सोडत जाते, ते मला कन्नडमध्ये कथा म्हणून कळले होते. मराठीत ते कळायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्या सासूबाईंनीही या घराच्या वरच्या मजल्याचे नाव काढणे कधीचेच सोडून दिले आहे.

शहापूरची प्रेक्षक, बेळगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निपाणीच्या सरांनी विचारले ते खरे आहे, आई श्रीनिवासरावांवर लग्नातच चिडली होती, आणि मला वाटले होते की ती उगीचच चिडते आहे.

काल मी अक्कांकडे गेले आणि सरळ बोलले. त्या आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की त्या दिवशी 'पाप' तोंडून गेले त्याची त्यांना अजून खंत आहे. मी त्यांना 'जोडी हक्की'च्या दिवसांची आठवण करून दिली आणि तेव्हा मी सगळे सांगून टाकत होते त्याबद्दल क्षमा मागितली. त्यावर त्या म्हणाल्या की त्यांना तेव्हा पुढचे आधीच कळून हवे होते. त्यांच्या थोरल्या मुलाचे दुखणे चालू होते, रात्री दवाखान्यातून परत आल्यावर आणखी एक काळजी डोक्यावर घेऊन झोपणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून रामण्णा आणि जानकीचे पुढे बरे होते की नाही एवढे त्या माझ्याकडून आधीच जाणून घेत. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

खानापूरच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे मालिकेतल्या कन्नडबद्दलही विचारले. अक्का म्हणाल्या की भाषा गोड आहे, पण ती पाहुण्यांची आहे.

संध्याकाळी त्या आमच्याकडे भाग पाहायला आल्या, बऱ्याच दिवसांनी. असे ठरले आहे की आईने स्वतः विचारल्याशिवाय त्यांनी काही सांगायचे नाही, आणि विचारले तर विचारले तेवढेच सांगायचे. जान्हवीचे दृश्य संपेपर्यंत दोघी काहीच बोलल्या नाहीत. मग भावना आली, तिच्या वाट्याला पुन्हा कोणाचे तरी बोलणे आले, आणि आईला राहवले नाही. ती अक्कांकडे वळून त्यांच्याच कन्नडमध्ये म्हणाली, "मुंदेन आगतैती?" आईला कन्नड येते, पण ती इतक्या सहजी कधी बोलत नाही. मला ऐकायचे नव्हते म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. परत आले तेव्हा आई डोळे पुसत होती आणि तिचा चेहरा मोकळा झालेला होता, त्यावरून मला जेवढे समजायचे तेवढे समजले.

अनगोळच्या दादांनी आकड्यांचे सांगितले ते मी आईला अजून सांगितलेले नाही, आणि सांगावेसेही वाटत नाही.

एक विनंती मात्र आहे. ज्यांनी कन्नड भाग पाहिले आहेत त्यांनी विश्वाबद्दल येथे काही लिहू नये. जान्हवीवरचे प्रेम मनातच ठेवणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय होते, हे आईनेही अक्कांना विचारलेले नाही. ते भाग आम्हाला तिघींना एकत्र बसून पाहायचे आहेत, आणि तेव्हा अक्कांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहायचे, असे त्यांनी आजच सांगून ठेवले आहे.